अठ्ठाविसाव्या पानावरची रेघ

मंगळवार, चौदा मे. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ऊना ट्रेलोरने गावाच्या परिषदेने दिलेले वाचनयंत्र परत केले. यंत्र एका पिशवीत होते आणि त्यावर सहा लिंबे होती. पिशवी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावरून ग्लेनिस पॅसकोकडे सरकवली.

"लिंबं तुझी," ती म्हणाली. "खालचं ते परिषदेचं. आणि माझी पुस्तकं आण परत."

ग्लेनिसने लिंबे बाजूला करून पाहिले. यंत्र भांडी पुसायच्या फडक्यात नीट गुंडाळलेले होते.

"बिघडलंय का?"

"त्याला काय धाड भरलीय? ते ठणठणीत आहे. बिघडलेय मी."

ग्लेनिसने खुर्ची ओढली. त्या सकाळचे हे तिचे तिसरे घर होते. आधीच्या दोन्ही घरांत तिने यंत्राचे बटण कुठे असते ते दाखवले होते आणि दोन्हीकडे ते पुढच्या वेळी पुन्हा दाखवावे लागणार होते. ती एकसष्ट वर्षांची होती. तुलांबी गावाच्या वाचनालयात आठवड्यातले तीन दिवस काम करायची आणि गेली नऊ वर्षे घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना पुस्तके पोचवायची. फेब्रुवारीत परिषदेने ठरवले की मोठ्या अक्षरांची छापील पुस्तके ठेवणे परवडत नाही आणि त्यांना जागाही फार लागते. नऊ खोकी भरून पुस्तके चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेली. घरपोच वाचकांना एकेक यंत्र मिळाले. ग्लेनिसची व्हॅन पूर्वीसारखीच फिरत राहिली, फक्त आता ती रिकामी असायची.

सगळेच वाचक नाराज होते असे नाही. नव्वदीतला मर्व्ह लिजेट, जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरलेला माणूस, यंत्रावर बेहद्द खूश होता. "अक्षरं मेंढीएवढी करता येतात," तो येईल त्याला सांगायचा. त्याची मनगटे गेली होती. जाड पुस्तक त्याला पाच मिनिटांच्या वर धरता येत नसे. ग्लेनिसला हे मान्य होते. तिचीही मनगटे दुखायची.

"मर्व्हला तर फार आवडलंय," ती म्हणाली.

"मर्व्हला नांगराची जाहिरातही आवडते." ऊनाने चहा ओतला. "हे बघ पोरी. पुस्तकात वाचलेलं डाव्या हाताला, राहिलेलं उजव्या हाताला. खुनी सापडायला किती पानं उरलीत ते हाताला कळतं. यात काय? त्रेचाळीस टक्के. टक्के दुधात असतात."

"सवय होईल."

"मी चौऱ्याऐंशीची आहे. सवयी लागायचं वय गेलं, सुटायचं चाललंय. आणि मुख्य म्हणजे यात मी खूण कुठे करू?"

खुणेबद्दल सांगायला हवे. तुलांबीत वाचनालयाचे पुस्तक वाचून झाले की जुने वाचक त्यात खूण करतात, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी येत नाही. प्रत्येकाची खूण वेगळी आणि पान ठरलेले. मर्व्ह शेवटच्या पानावर कोपऱ्यात वाटोळे काढायचा. पाद्रीबाईंचा ठिपका पहिल्या प्रकरणाच्या आकड्याखाली असे. त्या वारून सहा वर्षे झाली, तरी त्यांचा ठिपका पाहून पुस्तक नेणारे अजून होते, कारण त्यांना भिकार पुस्तक खपत नसे. ऊना अठ्ठाविसाव्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची. तिच्या माहेरच्या शेतावरचा फोन नंबर अठ्ठावीस होता. 'पुस्तकात लिहू नये' अशी पाटी वाचनालयात चाळीस वर्षे आहे, पण खूण म्हणजे लिहिणे असे गावात कोणी मानले नाही.

"खुणेची गरजच नाही," ग्लेनिस म्हणाली. "ते आपणहून लक्षात ठेवतं. थांबा, दाखवते." तिने फडके सोडले, यंत्र चालू केले आणि नेलेल्या पुस्तकांची यादी उघडली.

सत्तावीस फेब्रुवारी, एकोणीस मार्च, अकरा एप्रिल, तीन मे. चारही तारखांना एकच पुस्तक. दीपगृहातल्या खुनाची कादंबरी.

"काय दिसतंय?" ऊनाने विचारले. "माझा चष्मा आत राहिलाय."

"यादी आहे," ग्लेनिस म्हणाली. "पुढच्या वेळी दाखवते." तिने यंत्र बंद केले आणि चहा गरम असतानाच संपवला.

सव्वाबारा वाजता वाचनालयातला फोन वाजला. ऊनाची मुलगी जॅनीन होती. ती बॅलरॅटला शाळेत उपमुख्याध्यापिका आहे. तुलांबीहून बॅलरॅट मोटारीने साडेतीन तास. ती आणि ग्लेनिस लहानपणी शाळेच्या एकाच बसने जायच्या.

"ग्लेन, दोन मिनिटं आहेत? आईच्या पुस्तकांचं विचारायचंय."

"तिनं आजच यंत्र परत केलंय."

"केलंच असेल. मला ईमेल येतात, ग्लेन. ती प्रत्येक वेळी पुस्तक घेते तेव्हा मला पावती येते."

फेब्रुवारीत नोंदणीचा अर्ज तिनेच भरला होता. अर्जात ईमेलचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता आणि ऊनाकडे ईमेल नव्हता, म्हणून तिथे तिने जॅनीनचा घातला. आठ घरांत तिने हेच केले होते, कुठे मुलाचा, कुठे सुनेचा. कोण काय वाचतो ते तिसऱ्याला सांगायचे नाही, हा वाचनालयातला पहिला नियम. नऊ वर्षे तिने तो पाळला होता आणि मग एका दुपारी आठ अर्ज भरून मोडला होता. तो मोडला हे तिला आत्ता कळत होते.

"एकच पुस्तक चारदा," जॅनीन म्हणाली. "आणि दर वेळी फोनवर मला सांगते, नवीन घेतलंय, दीपगृहातलं आहे, चांगलं आहे."

"लोक आवडतं पुस्तक पुन्हा वाचतात, जॅन."

"वाचतात. पण ते आधी वाचल्याचं त्यांना माहीत असतं."

पलीकडे शाळेची घंटा झाली.

"माझ्या घरापासून पाच मिनिटांवर वृद्धनिवासात खोली रिकामी झालीये," जॅनीन म्हणाली. "सात जूनपर्यंत ते माझ्यासाठी धरून ठेवतील. अशी खोली वर्षातून एकदा मिळते. आईच्या एकटं राहण्याच्या क्षमतेची तपासणी तेवीस तारखेला आहे, गुरुवारी अकराला, घरीच. तपासणारी बाई म्हणाली, नेहमी भेटणाऱ्या कुणाचं तरी चार ओळींचं लेखी द्या. मी वर्षातून सहादा येते. तू पंधरा दिवसांनी जातेस."

"ऊनाला हे माहीत आहे?"

"खोलीचं आणि तपासणीचं माहीत आहे. ईमेलचं नाही. ग्लेन, मला तिला तिथून उपटून काढायची हौस नाहीये. पण जून लागला की हिवाळा, ती एकटी आहे, आणि मी रोज सकाळी फोन वाजला की आधी घाबरते आणि मग उचलते. खूप थकलेय मी."

"मीसुद्धा," ग्लेनिस म्हणाली.

"मग पुढच्या बुधवारी पाचपर्यंत लिहून दे."

दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या दिवशी, ग्लेनिस चर्चच्या दुकानात गेली. नऊपैकी सहा खोकी मागच्या खोलीत तशीच होती. दुकान सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "ने बाई सगळी. मोठी अक्षरं कुणी घेत नाही. दोन खोकी तर चूल पेटवायला गेली." ग्लेनिस उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली आणि एकेक पुस्तक अठ्ठाविसाव्या पानावर उघडू लागली.

काय सापडणार ते तिला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती चार महिने रजेवर होती. बदलीवर आलेल्या माणसाला खुणा माहीत नव्हत्या. तो फळीवरून हाताला येईल ते पुस्तक पिशवीत भरायचा. ती कामावर परतली तेव्हा ऊनाच्या काही पुस्तकांत एका रेघेखाली दुसरी रेघ होती. तेव्हापासून ती ऊनाची पिशवी भरताना प्रत्येक पुस्तकाचे अठ्ठाविसावे पान आधी बघायची आणि रेघ असलेले पुस्तक परत फळीवर ठेवायची. कोणालाही काही बोलली नाही. बोलण्यासारखे काही आहे असे स्वतःलाही सांगितले नाही. पुढे पिशव्या भरायचेच बंद झाले. यंत्रातून ऊना स्वतः पुस्तक निवडू लागली आणि मध्ये कोणी राहिले नाही.

सहा खोक्यांत ऊनाची रेघ असलेली एकसष्ट पुस्तके निघाली. अकरांत दोन रेघा होत्या. एकात चार. ते दीपगृहातल्या खुनाचे नव्हते, दुसरेच होते. ग्लेनिसने ती एकसष्ट आणि रेघ नसलेली वीस-बावीस अशी दोन खोकी व्हॅनमध्ये चढवली. चार रेघांचे पुस्तक खोक्यात ठेवावे की नाही, यावर ती दाराशी थोडा वेळ उभी राहिली. मग ठेवले.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता खोकी ऊनाच्या बैठकीच्या खोलीत पोचली. ऊना आरामखुर्चीच्या कडेवर येऊन बसली. तिने चष्मा लावला.

"दे एकेक."

ग्लेनिस देत गेली. ऊना कव्हरकडे बघत नव्हती. पुस्तक हातात आले की अंगठा थेट अठ्ठाविसाव्या पानावर जाई. एकदाही दोन-तीन पानांच्या वर चुकला नाही. रेघ असली की "वाचलंय" आणि डावीकडे. नसली की उजवीकडे. टेलिफोन एक्स्चेंजवर एकोणीस वर्षे तारा खोचणाऱ्या बाईचा हात होता तो.

"वाचलंय. वाचलंय. हे नाही. वाचलंय. हा लेखक अजून जिवंत आहे का गं?"

"गेला."

"बरं झालं. फार फापटपसारा लावायचा."

दोन रेघांची पुस्तके आली तेव्हा ती जरा थांबली, पण तीही डावीकडे गेली. मग ते चार रेघांचे पुस्तक आले. तिने पान उघडले. अंगठ्याच्या नखाने एकेक रेघ मोजली. मग पुस्तक बंद करून पहिल्यांदाच कव्हर पाहिले.

"हे मी केलंय?"

"हो."

"चारदा."

"बदलीवरचा माणूस हेच पुस्तक देत राहिला. मी रजेवर होते."

"तो देत राहिला आणि मी आधी रेघ न बघता वाचत राहिले. दोघांत जास्त मूर्ख कोण?" ऊनाने चष्मा काढला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"परवा दुकानात—"

"पोरी, मी एकोणीस वर्षं या गावाचे फोन जोडलेत. खोटं बोलणारा माणूस आधी श्वास घेतो. तू आत्ता घेतलास."

"दोन वर्षं," ग्लेनिस म्हणाली.

बाहेर शेजारच्या रानात पेरणीचा ट्रॅक्टर वळत होता. ऊनाने चष्म्याची घडी केली.

"आणि त्या यंत्रात काय दिसलं होतं मंगळवारी? चष्मा आत आहे म्हटल्यावर तुला सुटल्यासारखं झालं होतं ना?"

ग्लेनिसने सांगितले. चार तारखा सांगितल्या, ईमेलचे सांगितले, अर्ज कोणी भरला तेही सांगितले. ऊनाने सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे माझ्या पोरीला माझं रोजचं वाचन कळत होतं. मी गावातल्या कुणाचं काय ऐकलं ते नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. आणि तू एका ओळीत हे करून बसलीस."

"हो. चुकलंच माझं."

"चुकलंच." तिने चार रेघांचे पुस्तक मांडीवर ठेवले. "जॅनीनला काय लिहून देणार आहेस?"

"अजून ठरलं नाही."

"तुला वाटतं मी काय म्हणेन? लिही की म्हातारी टुणटुणीत आहे?"

"म्हणालात तर लिहीन."

"ते लिहिलंस तर तुला दुसऱ्यांदा श्वास घ्यावा लागेल." ऊना पुढे वाकली. तिचा आवाज चढला नव्हता. "दोन्ही लिही. चार रेघा लिही. आणि हेही लिही, की पेन्सिल हातात होती तोवर मी माझं मी बघत होते. मला विसरायला होतं हे मला कळायच्या आधी माझ्या पेन्सिलीला कळलं होतं. चष्मा लावतो त्याला कुणी आंधळा म्हणून घरातून उचलत नाही. माझी पेन्सिल काढून घेतलीत तुम्ही आणि आता म्हणता, हिला आठवत नाही."

"पेन्सिल गॅसची शेगडी बंद करत नाही, ऊना."

हे बोलल्यावर ग्लेनिसला वाटले की आपण जास्त बोललो. ऊनाने मान हलवली.

"नाही करत," ती म्हणाली. "शेगडीजवळ पाटी लावलीये मी. वाचून बघ जाताना." मग तिने मांडीवरचे पुस्तक पहिल्या पानावर उघडले. "चारदा वाचलं म्हणजे चांगलंच असणार. तू जा आता. मला त्या माणसाचा खून कुणी केला ते बघायचंय."

जाताना ग्लेनिसने पाटी पाहिली. पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत 'बंद केलीस का?' असे लिहिले होते. शेगडी बंद होती.

सोमवारी ग्लेनिसने यंत्र बनवणाऱ्यांच्या मदतकक्षाला ईमेल केला. वाचून झालेल्या पुस्तकावर वाचकाला स्वतःची खूण करता येईल का आणि पुस्तक उघडताना ती आधी दिसेल का, एवढेच विचारले. 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे,' असे उत्तर चार मिनिटांत आले. त्यानंतर काही आले नाही. त्याच दुपारी तिने आठही घरांच्या नोंदणीतले मुला-सुनांचे ईमेल काढून वाचनालयाचा घातला. दोन सुनांनी फोन करून पावत्या का थांबल्या म्हणून विचारले.

बुधवारी, बावीस तारखेला, पाचला सात मिनिटे असताना तिने जॅनीनला चार वाक्ये पाठवली. नऊ वर्षांत श्रीमती ट्रेलोर यांनी एकही पुस्तक हरवले नाही, उशिरा दिले नाही, आणि ठरलेल्या मंगळवारी चहा नेहमी तयार होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक पुस्तक चार महिन्यांत चारदा वाचले आणि ते आधी वाचल्याचे त्यांना आठवत नव्हते. पुस्तकात स्वतः केलेली खूण बघून त्या वाचलेले पुस्तक ओळखतात, ते मी गेल्या शुक्रवारी पाहिले आहे. यंत्रात तशी सोय नाही, आणि ते यंत्र मागायला त्या आल्या नव्हत्या.

साडेपाचला जॅनीनचे उत्तर आले. 'मिळालं. दोन वर्षं, ग्लेन?' एवढेच होते. ग्लेनिसने त्याला उत्तर लिहायला घेतले, खोडले, आणि संगणक बंद करून स्वयंपाकाला लागली.

गुरुवारी अकराला तपासणारी बाई मिल्ड्युराहून आली. जॅनीन सकाळीच पोचली होती. पुढचे ग्लेनिसला दोघींकडून वेगवेगळे कळले, पण मुख्य गोष्टींत फरक नव्हता. ऊनाने तारीख बरोबर सांगितली, वार चुकला. "पेन्शन सुरू झाली की एकच वार असतो," ती म्हणाली. घड्याळाचे चित्र काढले, काटे बरोबर होते. सांगितलेले पाच शब्द दहा मिनिटांनी विचारले तेव्हा दोन आठवले. मग तिने पेन्सिल मागितली. त्या बाईने सांगितले की या प्रश्नाला लिहून घ्यायची परवानगी नाही. "म्हणजे तुम्हीही काढूनच घेता," ऊना म्हणाली. बाई हसली आणि तिने काहीतरी लिहिले. काय, ते ऊनाला टेबलाच्या या बाजूने वाचता आले नाही.

दुपारी जॅनीन वाचनालयात डोकावली. आत आली नाही, दारातच उभी राहिली.

"रात्री आईकडेच राहणार आहे. तिनं मला ते पुस्तक दिलंय वाचायला. चार रेघांचं."

"कसं आहे?"

"सुमार. तिसाव्या पानावर खुनी कळला मला." जॅनीनने डोळे चोळले. "तिला सांगायला गेले, तर म्हणते, सांगू नकोस, मी अजून पोचले नाहीये."

अहवालाला कामाचे दहा दिवस लागतात, म्हणजे सहा जून. बॅलरॅटची खोली सातपर्यंत धरून ठेवलेली आहे. सोमवारी, सत्तावीस मे रोजी, वाचनालय बंद व्हायच्या सुमारास सरपणवाल्या बेव्हन शुल्ट्झचा फोन आला. हिवाळ्यासाठी मॅली जातीच्या निलगिरीच्या बुंध्यांची पूर्ण गाडी ऊनाने मागवली होती. शनिवारी जॅनीनने त्याला फोन करून सांगितले की तूर्त अर्धीच टाक. बुधवारी सकाळी सातला तो गाडी भरणार आहे. पूर्ण भरू की अर्धी, एवढेच त्याला हवे होते. ग्लेनिसने त्याला ऊनाचा आणि जॅनीनचा असे दोन्ही नंबर दिले. दोन्ही आपल्याकडे आहेत, पण दोघी वेगवेगळे सांगतात, असे तो म्हणाला.